चढाओढीचे अधिकारी कोण?

इ. स. २०२५ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक जोएल मोकिर, फिलिप आगियाँ व पीटर हॉविट या तिघांस मिळालें; अर्धा वांटा मोकिर यांस, व उरलेला अर्धा दुसऱ्या दोघांस मिळून. पारितोषिकानें ग्रंथ थोर ठरतो असें आम्ही मानीत नाहीं. परंतु ज्या ग्रंथाकडे मराठी वाचकांचें लक्ष जावयास हवें होतें त्याविषयीं चार शब्द लिहावयास असें निमित्त पुरेसें आहे. आगियाँ यांनीं सेलीन आंतोनें व सिमाँ ब्यूनेल या दोन सहकाऱ्यांसह लिहिलेला 'सर्जक विनाशाचें सामर्थ्य' हा ग्रंथ २०२० सालीं फ्रेंच भाषेंत निघाला, आणि पुढच्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पॅरिस येथील कोलेज द फ्रान्समधील व्याख्यानांतून तो वाढला असल्यामुळें त्यांत गणिताचें अवडंबर नाहीं. अर्थशास्त्राची परिभाषा ज्यास येत नाहीं, अशा सुशिक्षित मनुष्यासही तो नेटानें वाचला असतां कळेल.

ग्रंथाचा मुख्य सिद्धांत शुम्पेटर या पंडिताच्या १९४२ सालच्या विवेचनावर उभारलेला आहे. राष्ट्राची संपत्ति नुसत्या भांडवलाच्या संचयानें सतत वाढत नाहीं. एका यंत्राशेजारीं दुसरें तसेंच यंत्र मांडीत गेलें, तर प्रत्येक नव्या यंत्रापासूनचा लाभ घटत जातो; हें सोलो यांनीं १९५६ सालींच दाखविलें होतें. वाढ टिकते ती नव्या कल्पनांनीं. आणि नवी कल्पना बाजारांत आली म्हणजे जुनीस जागा सोडावी लागते. यालाच सर्जक विनाश असें नांव आहे. आगियाँ व हॉविट यांनीं १९९२ सालच्या आपल्या निबंधांत ही कल्पना गणिताच्या चौकटींत बसविली, आणि प्रस्तुत ग्रंथांत तिचे फाटे फोडून विषमता, आरोग्य, हवामान, कर, परदेशीं व्यापार अशा नाना प्रश्नांस ती लावून पाहिली आहे.

या कल्पनेच्या पोटांत एक विरोध आहे, आणि तो न लपविणें हा ग्रंथकारांचा मोठा गुण होय. नवा शोध लावणारा कांहीं काळ बाजाराचा एकटा धनी होतो. त्या मक्तेदारीच्या आशेनेंच तो धडपडतो. पण एकदां गादीवर बसला म्हणजे आपल्यामागून येणाऱ्याची वाट अडविण्यांतच त्याचें हित असतें. कालचा बंडखोर आजचा दरवान होतो. म्हणून मक्तेदारीची आशा अगदींच नाहींशी करून चालत नाहीं, व तिला मोकळेंही सोडतां येत नाहीं. या कात्रींतून सुटण्यासाठीं ग्रंथकार उद्योगसंस्था, राज्यसंस्था व नागरिकसमाज या तिघांचा त्रिकोण सुचवितात. ज्याला त्याला दुसऱ्या दोघांनीं आवरावें अशी ती रचना आहे. शुम्पेटर यांस भांडवलशाहीच्या भवितव्याविषयीं निराशा वाटत होती. त्यांचे हे शिष्य आशावादी आहेत, पण भाबडे नाहींत.

चढाओढीविषयींचें प्रकरण आमच्या मतें सर्व ग्रंथांत उत्तम उतरलें आहे. चढाओढ वाढली म्हणजे नवनिर्मिति वाढते, असा एक पक्ष. नफा घटल्यामुळें ती कमी होते, असा दुसरा. आगियाँ व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ ते १९९४ या काळांतील ब्रिटिश कारखान्यांची माहिती तपासून २००५ सालीं असें दाखविलें कीं, दोन्ही पक्ष आपापल्या जागीं खरे आहेत. तालमींत नवा कसलेला मल्ल आला म्हणजे जे त्याच्या जोडीचे असतात ते पहाटे तासभर आधीं उठून मेहनत करूं लागतात. ज्यांचा अद्याप डाव बसलेला नाहीं ते मात्र लंगोट खुंटीला टांगून घरीं जातात. तसेंच कारखान्यांचें आहे. ज्ञानाच्या अग्रसीमेजवळ असलेला कारखाना चढाओढीनें चेततो, दूर मागें पडलेला खचतो. म्हणून चढाओढ आणि नवनिर्मिति यांचा आलेख सरळ रेषा नसून उलट्या घागरीसारखा होतो, आधीं चढता व मग उतरता.

याचें एक उदाहरण आमच्या घराशेजारचेंच आहे. ग्रंथकारांस तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परवाना-पद्धतीच्या काळांत स्कूटरसाठीं नांव नोंदवून गिऱ्हाईक वर्षानुवर्षें वाट पाहत असे, आणि अॅम्बॅसडर मोटार १९५८ पासून कित्येक दशकें जवळजवळ एकाच घाटाची निघत राहिली. सरकारनें स्वदेशी कारखान्यास चढाओढीपासून वांचविलें. पण त्या संरक्षणानें त्यास शिकण्याची गरजच उरली नाहीं. १९८४ मध्यें स्थापन झालेल्या हिरो होंडा कंपनीनें जपानी बनावटीच्या मोटारसायकली आणल्या, पुढें १९९१ सालीं बहुतेक उद्योगांचे परवाने उठले, आणि पुण्याच्या बजाज कंपनीची स्कूटर हळूहळू मागें पडली. कंपनी बुडाली नाहीं. २००१ सालीं तिनें पल्सर ही मोटारसायकल बाजारांत आणली व पुढें दूरदूरच्या देशांत गाड्या पाठविल्या. हें चढाओढीनें झालें हें उघड आहे. पण केवळ चढाओढीनें झालें काय? ज्या पुण्यांत १८५४ पासून अभियांत्रिकीचें शिक्षण चालूं आहे व १९६६ पासून मोटारींच्या संशोधनाची संस्था आहे, तेथें हें झालें. आव्हान देणारा आला तेव्हां तें घेणारी माणसें तयार होतीं.

येथेंच या ग्रंथाविषयींची आमची मुख्य शंका उभी राहते. चढाओढीनें कोण चेततो व कोण खचतो, हें जर स्पर्धकाच्या पूर्वतयारीवर अवलंबून असेल, तर ती पूर्वतयारी हा प्रश्न ग्रंथाच्या अग्रभागीं यावयास हवा होता. ग्रंथकारांनीं शिक्षणाकडे दुर्लक्ष केलें आहे असें मुळींच नाहीं. पण त्यांच्या मांडणींत मानवी भांडवल म्हणजे मुख्यतः संशोधकांचा पुरवठा असें दिसतें, आणि हा विषय चढाओढीच्या प्रकरणापासून बराच दूर, दहाव्या प्रकरणांत येतो. जणूं आधीं आखाडा खणावा आणि मग मल्ल शोधावे!

आमच्या वाचकांस येथें न्यायमूर्ति रानडे यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं इंग्रजी अर्थशास्त्राच्या गृहीतकांवर हाच आक्षेप घेतला होता. मुक्त चढाओढीचा सिद्धांत असें धरून चालतो कीं, मनुष्य एकटा, स्वहित जाणणारा व हवा तेथें जाऊं शकणारा आहे. हिंदुस्थानांत मात्र व्यक्तीपेक्षां कुटुंब व जात बलवत्तर आहेत, आणि श्रम व भांडवल हीं दोन्ही जागचीं हलत नाहींत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रानड्यांच्या या विवेचनावरून पुष्कळांनीं संरक्षक जकातीचा निष्कर्ष तेवढा उचलला. स्वतंत्र भारतानें चार दशकें तो अमलांत आणून पाहिला, आणि भिंतीच्या आड मनुष्य आपोआप शहाणा होत नाहीं हें अनुभवानें कळलें. पण त्या व्याख्यानांतील दुसरा विचार, म्हणजे चढाओढ करणारा मनुष्य आधीं घडवावा लागतो हा, तसाच पडून राहिला.

सव्वाशे वर्षांनंतरही तो जुना झालेला नाहीं, हें आगियाँ यांच्याच क्षेत्रांतील विद्वानांनीं आपल्या भूमींत केलेल्या संशोधनावरून दिसतें. तीन उदाहरणें पाहूं.

पहिलें तारापूर व उंबरगांव येथील कापड-कारखान्यांचें. निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं तेथील कांहीं कारखान्यांस व्यवस्थापनाचे सल्लागार पुरविले व कांहींस जवळजवळ तसेंच ठेवलें. सल्ला साधा होता: सुताचा सांठा नीट लावा, बिघाडांची नोंद ठेवा, यंत्राला वेळेवर तेल द्या. पहिल्याच वर्षीं उत्पादकता सुमारें १७ टक्क्यांनीं वाढली, असें त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. मग आश्चर्य हें कीं, इतका ढिसाळ कारभार करणारे कारखाने चढाओढींत बुडाले कसे नाहींत आणि चांगले फोफावले कसे नाहींत? त्याचें एक उत्तर असें मिळालें कीं, कारखाना किती मोठा होईल हें मालकाच्या कुटुंबांत कर्ते पुरुष किती आहेत यावरून ठरत होतें; कारण परक्याच्या हातीं किल्ल्या देण्याची कोणाचीच तयारी नव्हती. भाऊ संपले कीं वाढ संपली. रानड्यांच्या वाक्याला याहून चांगलें भाष्य कोणतें?

दुसरें उदाहरण दादरचें. कैवन मुन्शी व मार्क रोझेन्झ्वाइग यांनीं तेथील शाळांतून वीस वर्षांतील मुलांच्या प्रवेशाचा शोध घेऊन २००६ सालीं एक निबंध लिहिला. १९९० नंतर इंग्रजी येणाऱ्यास मिळणारा मोबदला मुंबईंत झपाट्यानें वाढला. तरीही श्रमजीवी जातींतील मुलगे मराठी शाळांतच जात राहिले. कारण गिरणींत किंवा इतर अंगमेहनतीच्या कामांत लावून देणारे जातभाई त्यांच्यासाठीं उभे होते. त्याच घरांतील मुलींना मात्र अशी जुनी वाट नव्हती, म्हणून त्या इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि नव्या संधींत भावांच्या पुढें गेल्या. जी जात पिढ्यान्‌पिढ्या विम्यासारखी उपयोगी पडली, तिनेंच बदलाच्या वेळीं पाय धरले. धंदे बदलतांना माणसांस इकडून तिकडे जाऊं न देणारी जातिसंस्था बेकारीचें साक्षात् कारण होते, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या न झालेल्या भाषणांत बजावलें होतें. सर्जक विनाशाच्या कोणत्याही सिद्धांतानें या विचाराशीं आधीं हिशेब करावा. विनाश सर्वत्र होऊं शकतो. सर्जन तेथेंच होतें, जेथें जुन्या कामावरून उठलेल्या मनुष्यास नव्या कामावर बसतां येतें. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवांत काय झालें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें समजावून सांगावयास नको. गिरण्यांच्या जागीं मनोरे व मालाची दालनें उभीं राहिलीं, म्हणजे शहराच्या हिशेबांत सर्जन झालेंच. पण ज्याच्या हातांतील साचा गेला त्याच्या हातीं त्यांतील फारच थोडें आलें.

तिसरें उदाहरण सर्वांत जिव्हारीं लागणारें आहे. १९९१ नंतर जकाती उतरल्या तेव्हां खेड्यांतील मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम झाला, हें एडमंड्स, पावचनिक व टोपालोवा यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तपासलें आहे. त्या दशकांत देशभर शाळेंत जाणारीं मुलें वाढलीं व कामावर जाणारीं कमी झालीं. परंतु ज्या जिल्ह्यांतील धंद्यांचें संरक्षण अधिक उठलें, तेथें ही सुधारणा इतरांच्या मानानें मंद राहिली. शाळेचा खर्च झेपेना म्हणून गरीब घरांनीं तो वांचविला. याचा अर्थ, चढाओढीची किंमत कांहीं ठिकाणीं मुलाच्या पाटीनें दिली. आजची चढाओढ उद्याच्या स्पर्धकाचें मानवी भांडवल खाऊन टाकूं शकते, ही गोष्ट उलट्या घागरीच्या आलेखांत कोठेंच दिसत नाहीं. कारण तो आलेख कारखान्यांचा आहे, घरांचा नाहीं.

यावर ग्रंथकारांचा पक्ष घेऊन कोणी म्हणेल कीं, विनाशाच्या आघाताचा विचार ग्रंथांत आहे. आहे खरा. डेन्मार्कमध्यें काम सुटलेल्या मनुष्यास भरपूर भत्ता व नवें शिक्षण मिळत असल्यामुळें बेकारीचा त्याच्या प्रकृतीवर तसा परिणाम होत नाहीं, आणि अमेरिकेंत अल्पशिक्षित गोऱ्या प्रौढांमध्यें नैराश्यानें येणारे मृत्यु वाढले, हें सर्व ग्रंथकारांनीं कळवळ्यानें मांडलें आहे. पण डेन्मार्कचा उपाय लागू पडतो तो जेथें जवळजवळ प्रत्येक कामगार शिकलेला, नोंदलेला व पगारपत्रकावर असलेला आहे तेथें. आमच्याकडे बहुसंख्य कष्टकरी कोणत्याच पगारपत्रकावर नाहींत. त्यांना पुन्हां शिकवावयाचें म्हणजे पुष्कळदां पहिल्यानेंच शिकवावयाचें असतें.

ग्रंथकारांच्या विरुद्ध सर्वांत बळकट साक्ष मात्र त्यांच्याच ग्रंथांत आहे. संशोधक कोण होतो? अमेरिकेंतील नोंदींवरून असें दिसलें कीं, अतिश्रीमंत एक टक्का घरांतील मूल संशोधक होण्याचा संभव, मध्यम उत्पन्नाच्या खालच्या घरांतील मुलापेक्षां दसपट आहे. फिनलंडमध्यें शिक्षण फुकट व चांगलें असूनही बापाच्या उत्पन्नाशीं हा संबंध दिसतोच. पण आईबापांचें शिक्षण हिशेबांत घेतलें म्हणजे उत्पन्नाचें महत्त्व पुष्कळच ओसरतें. याचा सरळ अर्थ असा कीं, बुद्धि सर्व घरांत जन्मते, परंतु तिला वाट दाखविणारें घर सर्वांना मिळत नाहीं. आणि जें घर देऊं शकत नाहीं तें शाळेनें दिलें नाहीं, तर ती बुद्धि राष्ट्राच्या हिशेबांत कधीं जमाच होत नाहीं. हा निष्कर्ष ग्रंथाच्या पहिल्या पानावर असता, तर पुढील सर्व प्रकरणांचा रोख बदलला असता. चढाओढ कमी पडते ती केवळ मक्तेदारानें दार लावल्यामुळें नव्हे. दाराशीं येऊं शकणारेच थोडे असतात म्हणूनही.

आगियाँ यांनीं इतरांबरोबर २००६ सालीं लिहिलेल्या दुसऱ्या एका निबंधाचें येथें स्मरण होतें. जो देश अग्रसीमेजवळ आहे त्यास उच्च शिक्षण अधिक फळतें, आणि जो दूर आहे त्यास दुसऱ्यांच्या विद्येचें ग्रहण करण्यापुरतें शिक्षण आधीं हवें, असा त्यांतील विचाराचा ओघ आहे. भारतानें याच्या उलट केलें. १९५१ सालीं, जेव्हां शंभरांत सुमारें अठराच माणसें साक्षर होतीं, खरगपूरची तंत्रविद्येची संस्था उघडली. १९५८ सालीं मुंबईची. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मात्र २००९ सालीं आला. न्यायानें बोलावयाचें तर या उफराट्या क्रमाचें फळ अगदींच कडू नव्हतें. संगणकाच्या धंद्यांत १९९० नंतर आम्ही जें कमावलें तें याच थोड्या उच्चशिक्षितांच्या बळावर. पण तें यश उंच मनोऱ्यासारखें राहिलें, त्याला ओसरी झाली नाहीं.

आणि हा क्रम अटळ होता असेंही नव्हे. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ च्या मार्चमध्यें प्राथमिक शिक्षणाचें विधेयक वरिष्ठ कायदेमंडळापुढें मांडलें, तेव्हां त्यांची मागणी किती माफक होती! स्थानिक संस्थांनीं वाटल्यास, सरकारच्या संमतीनें, आपल्या हद्दींत मुलांस शाळा सक्तीची करावी, एवढीच. पुढील वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. गोखले अर्थशास्त्राचे जाणते होते. अंदाजपत्रकाच्या आंकड्यांत त्यांची गति केवढी होती हें सर्वश्रुत आहे. शिक्षण हा दानधर्म नसून राष्ट्राच्या उत्पादनशक्तीचा पाया आहे, हें त्यांस मानवी भांडवल हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीं उमगलें होतें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं, व बडोद्यास सयाजीरावांनीं त्याहीपूर्वीं १९०६ सालीं, तें करूनही दाखविलें.

एक शेवटची गोष्ट. मोकिर यांच्या ज्या विचारावर ग्रंथाचें दुसरें प्रकरण आधारलेलें आहे, तो असा कीं, युरोपांत वाढीचा ओघ सुरू झाला तो ज्ञान स्वस्त झाल्यामुळें: टपाल, नियतकालिकें, कोश यांच्या योगानें पंडिताचें ज्ञान कारागिराच्या हातीं व कारागिराचा अनुभव पंडिताच्या कानीं जाऊं लागला. या ओळींचा अर्थ मराठी मासिकाच्या वाचकास तरी निराळा सांगावा लागूं नये. १८३२ सालीं 'दर्पण' व १८४० सालीं 'दिग्दर्शन' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांची खटपट हीच होती. दादरच्या मुलग्यांनीं मराठी शाळा धरली म्हणून ते मागें पडले, असा धडा घेऊन कोणी मराठी शाळा बंद करूं म्हणेल, तर तो निदान चुकला असें आम्ही म्हणूं. दोष भाषेचा नव्हता. त्या भाषेंत नवें ज्ञान व नवें काम उतरूं दिलें नाहीं, याचा होता. यंत्राजवळ उभा असणारा मनुष्य ज्या भाषेंत विचार करतो, त्या भाषेंत यंत्राची विद्या नसेल, तर मानवी भांडवल साठेल कोठें?

एवंच, ग्रंथ विद्वत्ताप्रचुर, प्रामाणिक आणि वाचनीय आहे. चढाओढीला जे देव मानतात व जे दैत्य मानतात, त्या दोघांसही तो शहाणे करील. त्याचें न्यून एवढेंच कीं, तो आखाड्याचें वर्णन उत्तम करतो आणि आखाड्याबाहेर उभ्या असलेल्या गर्दीकडे अंमळ उशिरा वळून पाहतो. तिकडे आधीं पाहण्याचें काम आमच्याकडील अभ्यासकांचें आहे. त्यांपैकीं कोणी या ग्रंथाचा सार मराठींत, आपल्या उदाहरणांसह, लिहून काढील तर तें भाषेवर व देशावरही उपकार होतील.